नांगर उचलताना कमरेत भरणारी उसण

प्रश्न : माझे वय 61 आहे. निवृत्तीनंतर मी चोवीस फुटी, केबिनची शिडाची होडी घेतली आणि पावसाळा सरला की मी व माझी पत्नी मुंबई बंदरातून मांडवा, रेवदंडा, मुरूड अशा फेऱ्या करतो. होडीला 10 किलोचा नांगर आणि 8 मिलिमीटर जाडीची 30 मीटर साखळी आहे. मागे एकदा राजपुरीच्या खाडीत रात्रभर थांबून सकाळी निघताना साखळी ओढता ओढता कमरेत अशी उसण भरली की सरळ उभे राहता येईना. डॉक्टरांनी स्नायू दुखावल्याचे निदान केले. आता दुखणे बरेच कमी आहे. नांगर काढताना पत्नी सुकाणूवर असते आणि मी पुढे एकटाच ओढत असतो. विजेवर चालणारे विंडलास (नांगराची साखळी ओढून घेणारे यंत्र) बसवून घ्यावे, की आता हा नाद सोडून द्यावा?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

नाद सोडण्याचे मुळीच कारण नाही, आणि विंडलासचा निर्णयही तूर्त पुढे ढकलावा असे मी सुचवीन. आपल्या पत्रातले माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटी आले आहे: पत्नी सुकाणूवर असते आणि आपण पुढे ओढत असता. आपल्या कमरेचे दुखणे बहुतांशी या दोन जागांमधल्या ताळमेळाच्या अभावातून आले असावे. साखळीचे वजन हे त्याचे दुय्यम कारण आहे. त्याबद्दल सविस्तर लिहितोच, पण आधी प्रकृतीविषयी थोडेसे.

दुखणे पूर्ण थांबेपर्यंत आणि डॉक्टरांनी वाकून वजन उचलण्यास मोकळीक देईपर्यंत नांगराला हात लावू नये. कळ कमरेतून मांडीमागे, पोटरीत उतरू लागली, पायाला मुंग्या आल्या किंवा पाऊल उचलताना जोर कमी वाटला, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. लघवी-शौचावरचा ताबा कमी झाल्यासारखे वाटले किंवा जांघेभोवतीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे. यापुढचे सगळे विवेचन कंबर बरी झाल्यानंतरचे आहे.

प्रथम भाराचा हिशेब करू. आपली साखळी मीटरला साधारण 1.4 किलो भरते, म्हणजे तीस मीटरची 42 किलो. नांगर धरून 52. हा आकडा ऐकला की छातीत धस्स होते, पण एवढे वजन एकाच वेळी आपल्या हातावर कधीच येत नाही. सहा मीटर पाण्यात साखळी उभी लोंबत असेल आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यापासून मीटरभर उंच असेल, तर हाताला सात मीटर साखळी आणि नांगर इतकाच भार लागतो: दहा आणि दहा, वीस किलो. लोखंड पाण्यात असताना त्याच्या वजनाचा सुमारे आठवा भाग पाणीच पेलते, तेव्हा प्रत्यक्षात थोडे कमीच. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेने वजन उचलण्याचे जे सूत्र मांडले आहे, त्यात आदर्श परिस्थितीतली कमाल मर्यादा 23 किलो धरलेली आहे. आपले वीस किलो त्या मर्यादेत बसतात.

मात्र ‘आदर्श परिस्थिती’ या दोन शब्दांतच सगळी मेख आहे. वजन अंगाशी असावे, कमरेच्या आसपासच्या उंचीवर असावे, अंग पिळलेले नसावे, पायाखालची जागा स्थिर असावी, अशा त्या अटी आहेत. पुढच्या कठड्यावरून पाण्याकडे ओणवे होऊन साखळी ओढणारा माणूस यांतली एकही अट पाळत नाही. पाठीच्या कण्याला सावरणारे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवरून ओढ देतात. हातातले वजन मणक्यापासून पन्नास सेंटिमीटर पुढे गेले की त्या वीस किलोंना तोलण्यासाठी स्नायूंना दहापट, म्हणजे दोनशे किलोंचा जोर लावावा लागतो, आणि आपल्या वाकलेल्या धडाचा भार त्याशिवाय वेगळा.

त्यात भर पडते ती होडीला वाऱ्याविरुद्ध ओढण्याची. नांगरलेली होडी वाऱ्याने मागे रेटली जात असते आणि इंजिनाची मदत न घेता साखळी ओढणे म्हणजे साखळी नव्हे, तर अख्खी होडीच दोन हातांनी पुढे खेचणे होय. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहा नॉटचा वारा वीस नॉटचा झाला की ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, वाहते आणि बहुतेक मंडळी तिचा फायदा घेऊन लवकर निघण्याच्या घाईत असतात. नेमकी हीच वेळ कमरेला सर्वांत वाईट असते. रात्रभर आडवे झोपल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात वाकल्यास त्यांच्यावर दिवसाच्या इतर वेळेपेक्षा बराच अधिक ताण येतो. म्हणून उठल्या उठल्या नांगराला जाऊ नये. चहा घ्यावा, शिडांची बांधणी सोडावी, डेकवर थोडे फिरावे, कंबर हलकी होऊ द्यावी; तासाभराने मतलईचा जोरही पुष्कळदा उतरू लागलेला असतो.

तिसरा भार चिखलाचा. राजपुरीच्या खाडीचा तळ गाळाचा आहे आणि रात्रभरात होडीने भरती-ओहोटीच्या दोन्ही प्रवाहांना तोंड देऊन नांगर चांगला खोल रुतवलेला असतो. तो रुतावा हीच तर आपली इच्छा होती. शेकडो किलोंची ओढ सोसण्यासाठी बनवलेली वस्तू हातांनी उपटून काढण्याचा प्रयत्न करणे हाच मुळात चुकीचा मार्ग आहे. आपली उसण बहुधा याच क्षणी भरली असावी.

आता रीत सांगतो. होडीला पुढे न्यायचे ते इंजिनाने, नांगर उपटायचा तो होडीच्या तरंगशक्तीने, आणि हातांनी करायचे ते फक्त सैल पडलेली साखळी गोळा करण्याचे आणि शेवटचे वीस किलो वर घेण्याचे काम.

इंजिन सुरू करून ते नीट चालते आहे याची खात्री झाल्यावरच पुढे जावे. साखळीवरचा ताण कमी करण्यासाठी नायलॉनचा दोर जोडला असेल तर तो आधी सोडवून घ्यावा. मग साखळी पाण्यात कोणत्या दिशेला उतरते आहे ते पाहून त्या दिशेला हात सरळ लांबवावा. सुकाणूवरच्या व्यक्तीने नाळ त्या हाताच्या रोखाने वळवायची आणि इंजिन सर्वांत कमी वेगावर दोन-तीन सेकंद पुढच्या गिअरमध्ये टाकून पुन्हा न्यूट्रलला आणायचे. चोवीस फुटी हलक्या होडीला एवढा धक्का पुरतो. ती हळूहळू पुढे सरकते, साखळी ढिली पडते, आणि ढिली पडलेली साखळी ओढायला मुलाच्याही हाताला जड जात नाही. होडीची गती संपली आणि साखळी पुन्हा ताठ होऊ लागली की ओढणे थांबवावे, साखळी क्लीटवर (डेकवरच्या, दोर-साखळी अडकवण्याच्या खुंटीवर) अडकवावी आणि पुढच्या धक्क्याची खूण करावी. ताठ साखळीशी झोंबायचे नाही, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मे काम झाले असे समजावे.

इंजिनाच्या आवाजात आणि वाऱ्यात पुढून मारलेली हाक मागे पोहोचत नाही; पोहोचते ती चढलेल्या आवाजाची चिडचिड. खुणा आधीच ठरवून घ्याव्यात. लांबवलेला हात म्हणजे साखळीची दिशा, उघडा पंजा पुढे हलवला म्हणजे हळू पुढे, वर धरलेली बंद मूठ म्हणजे न्यूट्रल, मागे दाखवलेला अंगठा म्हणजे मागे. हात अंगाबाहेर काढून दाखवावा, छातीसमोर केलेली खूण मागून दिसत नाही. धक्क्याशी बांधलेल्या होडीवर किनाऱ्यावरच या खुणांची तालीम करून पाहावी. खाडीतल्या सकाळी तिचा उपयोग कळेल.

सुकाणूवरच्या व्यक्तीने होडी साखळीच्या पुढे जाऊ देऊ नये, याची मात्र काळजी घ्यायला हवी. होडी साखळीवरून पुढे गेली तर साखळी बुडाला घासते, कीलच्या (बुडाखाली उतरणाऱ्या पात्याच्या) भोवती अडकते आणि मग सोडवायला आणखी ओढाताण. आपल्याकडे भरती-ओहोटीचा प्रवाह वाऱ्याच्या उलट असेल तेव्हा हे हमखास घडते, तेव्हा वारा कुठून येतो यापेक्षा साखळी कुठे चालली आहे याच्याकडे लक्ष असावे.

साखळी नाळेखाली अगदी उभी, ओळंब्यासारखी झाली की हातांचे काम थांबले. या क्षणी साखळी घट्ट ओढून क्लीटवर पक्की करावी आणि दोन पावले मागे सरकून बसावे. लाटेबरोबर नाळ वर उचलली जाते, साखळी तिला धरून ठेवते, आणि चिखलाची पकड दर हेलकाव्याला थोडी थोडी सुटत जाते. आपल्या होडीसारख्या होडीची नाळ दहा सेंटिमीटर खाली दबली, तर साखळीवर अदमासे दोनशे किलोंची उभी ओढ निर्माण झालेली असते. इतका जोर कोणाच्याही पाठीत नाही आणि असण्याची गरजही नाही. पाणी अगदी सपाट असेल तर आपण दोघांनी नाळेपाशी उभे राहून ती दाबावी, साखळी आणखी वीतभर घेऊन क्लीट करावी आणि मग दोघांनीही मागे कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसण्याच्या जागेत, जावे. नाळ आपोआप वर येऊ पाहते आणि नांगराला उचलते. एवढ्यानेही सुटला नाही, तर इंजिन हळू पुढे घालून होडी नांगराच्या पुढच्या दिशेला न्यावी. ज्या बाजूने तो रुतला त्याच्या उलट दिशेने ओढ बसली की बहुतेक नांगर सुटतात.

भरतीचीही मदत घेता येते आणि आपल्या किनाऱ्यावर ती भरपूर आहे. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत ओहोटी-भरतीत चार मीटर आणि त्याहून अधिक फरक पडतो. दक्षिणेकडे जावे तसा तो कमी होत जातो आणि गोव्यात दोन मीटरच्या आसपास उरतो. चार मीटरची भरती धरली, तर तिच्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी तासाला सुमारे मीटरभर चढते. अशा वेळी साखळी उभी करून क्लीटवर बांधली, तर दहा मिनिटांत पाणी पंधरा-सोळा सेंटिमीटर चढून नांगर उपटण्याचे काम स्वतःच करते. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत ही गती मंद असते, पण घाई नसेल तर तेव्हाही उपयोगी पडते. मात्र या काळात नाळ किती दबते आहे त्यावर नजर ठेवावी. ती फारच खाली जाऊ लागली तर साखळी थोडी सैल करावी.

नांगर सुटल्याचे पुढे बसलेल्याला चटकन कळते. दबलेली नाळ एकदम वर येते, साखळीवर ठेवलेल्या तळव्याला आधी जाणवणारा ताठपणा जातो आणि तिच्या जागी तळाशी घासल्याची बारीक खरखर किंवा नुसता लोंबता भार जाणवतो, आणि होडीचे तोंड वाऱ्यापासून एका बाजूला वळू लागते. इथून पुढे मात्र रेंगाळू नये, कारण होडी आता मोकळी आहे.

हे शेवटचे वीस किलो वर कसे घ्यायचे? उभ्याने नव्हे, ओणव्याने तर नाहीच. साखळी ज्यावरून आत येते त्या नाळेवरच्या रोलरच्या मागे डेकवर बूड टेकून, तोंड पुढे करून बसावे, दोन्ही तळपाय कडेच्या पट्टीला किंवा कठड्याच्या पायांना टेकवावेत, गुडघे थोडे वाकलेले ठेवावेत. साखळी दोन्ही हातांनी धरून, पाठ सरळ ठेवून, वल्हे मारताना घेतो तसे धड कमरेच्या सांध्यातून मागे न्यावे आणि पायांनी रेटावे. एका ओढीला हातभर साखळी आली तरी पुष्कळ. बसायला जागा नसेल तर एक गुडघा टेकून बसावे आणि साखळी त्या गुडघ्याजवळून, अंगालगत घ्यावी. ओढलेली साखळी बाजूला टाकण्यासाठी अंग पिळू नये. ती आपल्या वजनाने खणात पडेल अशा जागी बसावे, हे उत्तम. हातात चामड्याचे तळवे असलेले मोजे असावेत, आणि रोलर व साखळी यांच्यामध्ये बोटे कधीही जाऊ देऊ नयेत.

इथेच मी आपल्याला पहिला खर्च सुचवतो: रोलरच्या मागे एक चेन स्टॉपर बसवून घ्यावा. त्यातली लहानशी जीभ साखळीला आत येऊ देते, पण बाहेर जाऊ देत नाही. प्रत्येक ओढीनंतर भार स्टॉपरवर जातो, आपण श्वास घेऊ शकता, हात बदलू शकता, आणि एखाद्या लाटेने अचानक हिसका दिला तरी तो पाठीपर्यंत पोहोचत नाही. कमरेत उसण भरते ती पुष्कळदा अशा अनपेक्षित हिसक्यानेच, त्यामुळे या छोट्या उपकरणाला मी विंडलासपेक्षा वरचे स्थान देतो. स्टॉपर मजबूत पाठपट्टी देऊन, आरपार बोल्टांनी बसवलेला असावा. नुसत्या स्क्रूंवर भरवसा ठेवू नये.

ज्या दिवशी कंबर थोडीही कुरकुरत असेल त्या दिवशी कॉकपिटमधले शिडाचे विंच (हँडल फिरवून दोर ओढण्याचे साधन) वापरावे. साखळी थेट विंचवर घेता येत नाही, ती सरकते आणि विंचही खराब होते. म्हणून एका जाड दोराला साखळीत अडकणारा आकडा बांधावा, तो नाळेपाशी साखळीत अडकवावा, दोर डेकवरून मागे आणून विंचवर चार वेढे द्यावे आणि हँडल फिरवावे. आकडा मागे पोहोचला की साखळी स्टॉपरवर ठेवून आकडा पुन्हा पुढे न्यायचा. काम संथ होते, पण न वाकता होते. दोर डेकवरच्या कशालाही घासत नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे.

वर येताना साखळी चिखलाने माखलेली असते आणि तो चिखल वजनात भर घालतो. साखळी पाण्यातून बाहेर येते त्या जागी लांब दांड्याच्या ब्रशने ती धुवावी. हे काम पडून किंवा बसून करता येते. नांगर पृष्ठभागाशी आला की तिथेच अडकवून ठेवावा आणि होडी अगदी हळू मागे न्यावी, म्हणजे पात्यांवरचा गोळा पाणीच धुऊन नेते. शेवटी तो कठड्यावरून उचलून आत घेण्याचा मोह टाळावा, रोलरवरच ओढून बसवावा. आपल्या होडीला पुढे चांगला रोलर नसेल, तर स्टॉपरच्याही आधी तो बसवून घ्यावा.

इंजिन दगा देईल त्या दिवसासाठीही एक रीत ठाऊक असावी. मोठे शीड चढवून त्याचा दोर मोकळा ठेवावा. वारा व प्रवाह एकाच दिशेने असतील तर होडी नांगराच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने झुलू लागते. शिडाचा दोर थोडा आवळला की प्रत्येक झोक्याला ती नांगराकडे थोडी सरकते, तेवढी सैल साखळी घ्यावी आणि झोका संपताच क्लीट करावी. मोकळ्या खाडीत याचा सराव करावा, इतर होड्यांच्या गर्दीत नाही.

आता साखळीविषयी. तीस मीटर साखळी लहान होडीच्या नाकावर ठेवणे मला पटत नाही. त्याऐवजी दहा मीटर साखळी आणि पुढे 14 मिलिमीटरचा चाळीस मीटर नायलॉनचा दोर अशी जोडणी केल्यास साखळीचे 28 किलो कमी होतात, दोर हाताला साखळीपेक्षा सुखाचा लागतो आणि तो थेट विंचवर घेता येतो. सहा मीटर पाण्यात शेवटी लोंबणारा भार मात्र तेवढाच राहील, हे लक्षात असू द्यावे. दोराच्या जोडणीला भरतीच्या वेळच्या खोलीच्या निदान पाचपट लांबी सोडावी लागते, वारा असेल तर सातपट, आणि खोली मोजताना नाळेची उंचीही धरावी. खडपे असलेल्या तळावर दोर घासून तुटू शकतो, तेव्हा अशा ठिकाणी रात्रीचा मुक्काम करू नये. नांगर मात्र हलका करू नये. झोप त्याच्या भरवशावर असते.

विजेवरच्या विंडलासचे म्हणाल, तर ते कमरेला आराम देते यात शंका नाही. पण लहान यंत्रही बारा व्होल्टवर चालताना पन्नास-साठ अँपिअरहून अधिक वीज ओढते. त्यासाठी मोठी बॅटरी, ती भरण्याची सोय, नाळेपर्यंत जाड तारा आणि डेकला खालून बळकटी, हे सगळे करावे लागते, आणि आउटबोर्डवर (मागे बाहेर टांगलेल्या इंजिनावर) चालणाऱ्या लहान होडीत ते वजन व तो खर्च दोन्ही जड जातात. विंडलास असले तरी होडी पुढे नेण्याचे काम इंजिनालाच करावे लागते. विंडलासने होडी ओढणारे लोक मोटार जाळून बसतात. वर सांगितलेले सर्व एक पूर्ण मोसम करून पाहावे, आणि तरीही कंबर तक्रार करत असेल तर हाताच्या तरफेने चालणाऱ्या विंडलासचा आधी विचार करावा.

आणखी एक सुचवतो, त्यावर दोघांनी मिळून विचार करावा. आपण सुकाणू घ्या आणि नांगराची जागा पत्नीला द्या. या रीतीत पुढे बसणाऱ्याला ताकदीपेक्षा नजर आणि धीर अधिक लागतो, आणि होडी वाऱ्यात साखळीवर अचूक आणणे हे दोन्हींतले अधिक कौशल्याचे काम आहे. दोघांना दोन्ही कामे येत असणे केव्हाही बरे. आपल्याला उसण भरली त्या सकाळी याची किती गरज होती, हे आपण अनुभवलेच आहे. अर्थात त्यांच्याही पाठीला वर सांगितलेले सर्व नियम लागू आहेत.

राहता राहिला अडकलेला नांगर. राजपुरी, रेवदंडा या खाड्यांत जुने दोर, जाळ्यांचे तुकडे, डोल जाळ्यांचे खुंट तळाशी असतात. अशा ठिकाणी नांगर टाकतानाच त्याच्या डोक्याकडच्या कडीला आठ मिलिमीटरचा वेगळा दोर बांधून त्याच्या दुसऱ्या टोकाला लहान बोया सोडावा. दोराची लांबी भरतीच्या खोलीहून थोडी अधिक असावी. नांगर अडकला तर या दोराने तो उलट्या बाजूने निघतो. आणि कशानेच निघाला नाही, तर ओढत बसू नये: साखळीचे आतले टोक होडीला बोल्टने न जखडता मजबूत दोराने बांधलेले असावे, म्हणजे तो दोर डेकवर आणून साखळीला बोया बांधता येतो, दोर कापून साखळी सोडता येते आणि ओहोटीला स्थानिक मच्छीमारांच्या मदतीने परत येऊन नांगर काढता येतो.